आपल्या डोंगरावरचा ठिपका

हैदराबाद, ११ मार्च १९९७

चि. नाथाजीस आक्काचा आशीर्वाद.

माझा गुडघा बरा आहे, काळजी नको.

इथे आम्ही उपग्रहाच्या चित्रांत जंगलातले वणवे शोधतो. आग लाल ठिपक्यासारखी दिसते. काल आपल्याच डोंगरावर ठिपका दिसला. साहेब म्हणाले, "आपोआप लागला असेल." वणवा आपोआप लागत नाही, हे आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. गवत जोमानं फुटावं म्हणून डोंगर पेटवायची खोड तुझी. वर म्हणायचास, "हितं कोण बघतंय, आक्का?" आता मी बघते आहे.

आज ठिपके तीन झाले, तेही जंगलाच्या बाजूला. गुरं खाली आणलीस का? तुझी लेक राजेश्वरी सरपणाला वर गेली नव्हती ना?

रागवायचं ते मी नंतर रागवेन. आधी सगळे सुखरूप असल्याची तार कर. उद्याचं चित्र बघायची घाईही आहे आणि धीरही होत नाही.

तुझी आक्का