दादाच्या प्रकल्पाला त्र्याऐंशी मार्क

३ फेब्रुवारी, सकाळी साडेसहा
नेमणुकीचं पत्र आलं. देशातल्या अकरा वीज प्रकल्पांचं शाश्वतता मूल्यांकन. म्हणजे माणसं, पाणी, हवा यांची वाट न लावता हे प्रकल्प आणखी पंचवीस वर्षं चालतील का, ते बघून शंभरपैकी मार्क द्यायचे. आपल्यासारख्या विकसनशील देशात या कामाला छाती लागते. ती मला आहे. निश्चय: कुणाच्या चहालाही मिंधं व्हायचं नाही. यादीत पहिलाच प्रकल्प दादाचा. तेहेतीस वर्षं बॉयलरवर आहे तो. तिथे तर दुप्पट कडक.

९ फेब्रुवारी
मॅनेजरने स्टेशनवर गाडी पाठवली होती. बसलो. गाडी म्हणजे चहा नव्हे.
मुक्काम दादाच्या क्वार्टरवर. वहिनींनी दार उघडलं आणि खोकत आत गेल्या. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा. त्यानंतर मला वाढवलं ते यांनीच. खिडकीतून राखेचं तळं दिसतं. जळलेल्या कोळशाची राख पाण्याबरोबर तिथे सोडतात. वाळली की उडते. वहिनींनी टेबल पुसलं. ताटं मांडेपर्यंत परत बोटाने नाव लिहिता येईल एवढा थर. म्हणाल्या, भावजी, तुमच्या कागदात हे लिहा हं. लिहिणार म्हणजे लिहिणारच! उद्या उजाडताच स्वतः मोजणार.

१० फेब्रुवारी
मोजलं नाही. मॅनेजर सकाळीच कंट्रोल रूम दाखवायला घेऊन गेला. दुपारी तळ्यावर गेलो तर नुकतंच पाणी मारलेलं. एक कण उडेल तर शपथ. तज्ज्ञाने दिसतं ते लिहावं, ऐकीव नाही. जेवण फर्स्ट क्लास होतं. जेवण म्हणजेही चहा नव्हे.

११ फेब्रुवारी
वसाहतीतली दहा घरं बघायची होती. वेळेअभावी तीन बघितली, मॅनेजरच्या बंगल्याशेजारची. चकाचक. दादाचं घर मुद्दाम वगळलं. नात्यातलं घर धरलं तर पक्षपात होतो. तत्त्व ते तत्त्व.
वहिनी फाटकापर्यंत पोचवायला आल्या. तेवढ्यात दोनदा थांबल्या. चालायची सवय मोडली असेल. निश्चय: पुढच्या महिन्यात त्यांना चांगल्या डॉक्टरकडे नेणे.

२ एप्रिल
अहवाल सादर! दादाचा प्रकल्प अकरांत दुसरा. त्र्याऐंशी मार्क. राखेबद्दल आधी 'पुन्हा तपासावे' असं लिहिलं होतं. साहेब म्हणाले, पुन्हा जाणार कोण? मुद्दा बरोबर होता. मग 'वसाहतीत राखेचा त्रास आढळला नाही' असं केलं. वाक्य सुटसुटीत झालं.
दादाला फोन केला. त्याने मार्कांचं काहीच विचारलं नाही. राखेचं लिहिलंस ना, एवढंच. लिहिलंय, म्हणालो. खोटं नाही. राखेचं लिहिलंच आहे.
डॉक्टरचं मार्च एंडमुळे राहिलं.

२१ मे
दादाचा फोन. वहिनी दवाखान्यात, ऑक्सिजन लावलाय. दादाने जानेवारीतच राखेच्या तळ्यापासून लांबच्या ओळीतलं क्वार्टर बदलून मागितलं होतं, डॉक्टरची चिठ्ठी जोडून. मला बोलला नव्हता. भाऊ तपासायला येतोय, त्याला कशाला अडचणीत टाका, म्हणून. अर्ज आता नामंजूर झाला. कारण म्हणून माझं वाक्य, पान नंबरासकट. दादाने ते वाचून दाखवलं. आवाज चढवला नाही. मी म्हणालो, मागचापुढचा संदर्भ सोडून घेतलंय.
निश्चय: उद्याच दुरुस्ती.

२२ मे
साहेब म्हणाले, छापून गेलं, आता पाच वर्षांनी पुढच्या फेरीत बघू. मी बधणार नाही. थेट वर पत्र लिहायला घेतलंय. मसुदा छान होतोय.

२६ मे
मसुदा चौथा. भाषेला अजून धार हवी. वहिनींना बघायला रविवारी जाईन. पत्र पाठवूनच जावं, म्हणजे तोंड दाखवता येईल.

२८ मे, शनिवार
वहिनी पहाटे गेल्या.

३० मे
दादाकडे आलोय. माणसं येऊन जाऊन आहेत. मी पत्राचं काढलं. राहू दे, म्हणाला.
मग आपणहून सांगितलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, घराजवळ राख उडते का? दादा हो म्हणणार, तेवढ्यात वहिनींनी त्याचा हात धरला आणि मान हलवून नाही म्हणाल्या. डॉक्टर गेल्यावर दादा चिडला. त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला आणि म्हणाल्या, भावजींनी सही करून लिहून दिलंय. आपण उलट बोललो तर पोराची नोकरी जाईल.
पोराची. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे.
थोड्या वेळाने दादा म्हणाला, निघ आता, गाडी चुकेल.
दुपारचे बारा वाजले होते. गाडी संध्याकाळची.
मी निघालो.