पंचवीस मिनिटांचं गाव

आदरणीय साडूभाऊ यांस,

'तीर्थरूप' लिहावं तर आपण वयाने माझ्याहून चार महिन्यांनी लहान, आणि 'चिरंजीव' लिहावं तर हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून नात्याने मोठे. तेव्हा 'आदरणीय'वर भागवलं आहे, गोड मानून घ्यावं. आपले गुडघे वाकत असतील आणि ताईंचा रक्तदाब ताब्यात असेल असं धरून चालतो. गेल्या अकरा वर्षांत मी आपल्याशी 'बसा' आणि 'घ्या' यापलीकडे काही बोललेलो नाही, त्यामुळे पाकिटावरचं माझं अक्षर बघून ताईंना आमच्यापैकी कुणी गेलं की काय असं वाटेल. तसं काही नाही. दोघंही आहोत.

लिहिण्याचं कारण असं की आम्ही शहर सोडायचं ठरवलं आहे. हिचा दमा आपणास ठाऊक आहेच. आमच्या खिडकीखालून आता दिवसभर ट्रक धावतात, आणि गेली दोन वर्षं हिचं कुठलंही वाक्य मला दोन तुकड्यांत ऐकू येतं, अर्धं आत्ता आणि अर्धं श्वास घेतल्यावर. (पूर्वी मला तिला मध्येच तोडायची खोड होती. आता मी थांबतो. दम्याने एवढं एक चांगलं केलं, असं ती म्हणते.) गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, यांना गावात न्या, मोकळ्या हवेत, पण फार आडबाजूला नको, कारण मोठा झटका आला तर अर्ध्या तासात ऑक्सिजन मिळायला हवा. मी विचारलं, अर्ध्या तासाच्या वर किती चालेल? त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि 'अर्धा तास' असं पुन्हा सांगितलं.

आता हे काम म्हणजे माझ्या हातचा मळ. एकतीस वर्षं डेपोच्या वेळापत्रक विभागात काढलेला माणूस मी. माझंच जुनं वेळापत्रक काढलं, हॉस्पिटलपासून तीस मिनिटांच्या आतली गावं लाल पेन्सिलीने अधोरेखित केली, आणि हिला घेऊन बघायला निघालो. पहिल्या गावाची हवा अशी की हिने उतरल्या उतरल्या पदर तोंडावरून काढला. घरमालक निवृत्त मास्तर, माणूस सज्जन. फोन लागतो का, असं विचारल्यावर म्हणाले, लागतो की, टाकीवर चढलं की छान लागतो. टाकी दाखवली. लोखंडी शिडी, बेचाळीस पायऱ्या (मी मोजल्या, सवय जात नाही). हिने शिडीकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे बघितलं, आणि आम्ही मास्तरांचा चहा घेऊन परत आलो.

दुसरं गाव हॉस्पिटलपासून अवघ्या बारा मिनिटांवर. घर दाखवणारा दलाल मोठा उत्साही. लांब म्हणू नका, जवळ म्हणा, असं तो वाटेत चारदा म्हणाला. जवळ होतंच. घराच्या मागे खडी फोडायचं मशीनही जवळच होतं. झाडांची पानं पांढरी, कौलं पांढरी, ओट्यावर झोपलेलं कुत्रं मुळात कुठल्या रंगाचं ते कळायला मार्ग नव्हता. ही खोकायला लागली तेव्हा दलाल खजील होऊन म्हणाला, तुम्ही सुट्टीच्या दिवशी यायला हवं होतंत, मशीन बंद असतं. त्याचा राग येईना. बिचारा स्वतःही खोकत होता.

तिसरं गाव मात्र मनात भरलं. टेकडीच्या कुशीत, पुढे मोकळं रान, दोन भागांचं बैठं घर, मालकीण बाई एकटी आणि बोलकी. ही चार पायऱ्या न थांबता चढली आणि त्या बाईला म्हणाली, "इथे कपडे वाळत घालायला दोरी कुठे बांधता हो तुम्ही?" अख्खं वाक्य, एका दमात. साडूभाऊ, मला भरून आलं. मी तोंड फिरवून भिंतीची ओल बघत असल्याचं दाखवलं. (ओल नव्हती.) वेळापत्रकात या गावापासून हॉस्पिटलपर्यंत पंचवीस मिनिटं. मी तिथेच शब्द देणार होतो, तेवढ्यात ही म्हणाली, आलो रेल्वेने, आता आधी एकदा बसने हॉस्पिटलपर्यंत जाऊन बघू या.

दुपारच्या बसने निघालो. पहिली दहा मिनिटं बस निघालीच नाही, कारण कंडक्टरला कुणाचे तरी डबे घ्यायचे होते. मग चढ आला. तो चढ मला नवा होता. त्या चढावर बसच्या शेजारून एक म्हातारी चालत होती, ती पुढे गेली. मग रेल्वेचं फाटक. मग एक वळण, जिथे समोरून बस आली की एकीला पाव किलोमीटर मागे जावं लागतं, आणि कुणी जायचं यावर दोन्ही ड्रायव्हरांची शांतपणे चर्चा होते. धुळीने हिची छाती भरली. पस्तिसाव्या मिनिटाला तिने पंप काढला, चाळिसाव्याला पुन्हा काढला. मी घड्याळ धरून बसलो होतो. माझ्या कागदावर ती पंधरा मिनिटांपूर्वीच हॉस्पिटलात पोहोचली होती. ड्रायव्हर तरुण होता. आरशात बघून म्हणाला, "आजी, हे टाइमटेबल ज्याने बनवलं ना, त्याला एकदा या बसमध्ये बसवायला पाहिजे." ही दम लागलेल्या आवाजात म्हणाली, "बसलेत."

अठ्ठावन्न मिनिटं लागली. हिला पंपाने बरं वाटलं, ऑक्सिजनची वेळ आली नाही, ही आपली नशिबाची गोष्ट.

साडूभाऊ, याच रस्त्यावर आपण नऊ वर्षं बस चालवलीत, आणि उशिराबद्दल मी आपणास चौदा मेमो दिले. प्रत्येकावर आपण एकच उत्तर लिहिलंत, 'रस्ता आहे तेवढाच आहे.' मी त्याला उद्धटपणा समजलो आणि तसा शेरा मारला. ती पंचवीस मिनिटं मी कशी काढली होती ते आज लिहून देतो. नकाशावर दोरा ठेवला, दोरा पट्टीने मोजला, आणि भागाकार केला. नकाशा सपाट होता. त्या शेऱ्यामुळे आपली बढती दोन वर्षं अडली. माझं चुकलं. हे वाक्य चौदा वेळा लिहायला हवं, पण कागद पुरणार नाही.

लोभ असावा असं लिहायला मला तोंड नाही. राग थोडा उतरावा.

आपला,
(वेळापत्रकवाला)

ता. क. तो तरुण ड्रायव्हर सांगत होता, पूर्वी इथे एक ड्रायव्हर होते, त्यांनी कालव्याच्या कच्च्या रस्त्याने स्वतःच्या गाडीतून एका बाळंतिणीला सव्वीस मिनिटांत हॉस्पिटलात नेलं होतं. गाव अजून नाव काढतं. वर्णनावरून ते आपणच.

ता. क. २ अँब्युलन्स शहरातून निघते, म्हणजे येण्याचे अठ्ठावन्न आणि जाण्याचे अठ्ठावन्न. ही बेरीज मी दोनदा केली. गावात गाडी एकच, डेअरीची, ती दिवसभर बाहेर. मला गाडी चालवता येत नाही. घराचा दुसरा भाग रिकामा आहे, पायऱ्यांना कठडा बसवून देते असं मालकीण म्हणाली आहे. ताईंना हवा मानवेल. आपण दोघं तिथे राहायला आलात तर आम्ही ते घर घेऊ, नाहीतर नाही.

ता. क. ३ पत्र हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "तुम्हाला भीती वाटते, एवढंच लिहायचं होतं ना? मग चार पानं कशाला?" वाटते, साडूभाऊ. फार वाटते. तुम्ही या.