काचघरातले राखणदार

सोमवार, १० मार्च

चि. ढब्बूस,

आशीर्वाद दिलेले आहेत, ते परत मागत नाही. बाकीचं वाच.

काल, रविवार ता. ९ मार्च रोजी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तू माझ्या काचघरात विषाचा फवारा मारलास. वेळ मी मनाने लिहीत नाही. समोरच्या शिंपीणबाई दूध घेऊन परतत होत्या. नाकाला रुमाल बांधून पंप मारताना त्यांनी तुला काचेतून पाहिलं. चोर वाटला, म्हणाल्या. मी सांगितलं, चोर परवडला, तो निदान चोर म्हणून येतो.

आणि न्याहारीला मला काय सांगितलंस? काचा फिनेलने पुसल्या आहेत, दुपारपर्यंत दार उघडू नकोस. मी उघडलं नाही. माझ्यावर कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांचे संस्कार आहेत, सांगितलेलं ऐकायची सवय आहे. साडेनऊला अर्धा कप चहा तसाच टाकून तू बस गाठलीस. चार वर्षांनी आलास, तीन दिवसांसाठी म्हणून आलास आणि दीड दिवसात गेलास. विषाचा डबा कचऱ्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला सापडला.

तू ज्यांना मारलंस त्यांची ओळख करून देते. पिठ्या ढेकूण पानाच्या बेचक्यात कापसाच्या बोंडासारखा बसून रस ओढतो. त्याला खाणारा एक इवलासा ढालकिडा असतो. त्याची पिल्लं तसलीच पांढरी लोकर अंगावर घेऊन ढेकणांतच हिंडतात आणि त्यांना फस्त करतात. असे पंचवीस ढालकिडे मी प्रयोगशाळेतून टपालाने मागवले होते. सात आठवडे राखले. शंभराच्या वर पिल्लं झाली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते तू सहा दहाला करून दाखवलंस.

खुलासा लेखी हवा. फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस. माया आहे, पण सध्या कुलपात आहे.

ताई


शनिवार, १५ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे प्रत्यक्षात सहाच अंगं टेकली, उरलेली दोन उधार समज.

गुन्हा कबूल. जन्म नकाशे काढण्यात गेला, किड्यांतलं मला काय कळतं? त्या शनिवारी संध्याकाळी फिरायला म्हणून बाहेर पडलो तो थेट रोपवाटिकेत गेलो. तिथल्या माणसाला सांगितलं, लिंबावर, कॉफीच्या रोपावर, खिडकीतल्या वेलावर सगळीकडे पांढरं पांढरं झालंय. त्याने न विचारता डबा पुढे केला. म्हटलं, तू उठायच्या आत उरकून टाकू, तुला त्रास नको. हात दाखवून अवलक्षण झालं.

नवे ढालकिडे मी मागवून देतो. प्रयोगशाळेचा पत्ता तेवढा कळव. पंचवीस नाही, पन्नास मागवू. लवकर निघालो, कारण इकडे एक काम निघालं होतं.

तब्येतीला जप. जिने उतरताना कठडा धर. कुलूप उघडशील तेव्हा कळव, दाराशीच बसलो आहे.

तुझा ढब्बू


बुधवार, १९ मार्च

चि. ढब्बूस,

आशीर्वाद. नकाशे काढणाऱ्याने पत्र लिहिलं की असं होतं. रेघा सुरेख, पण जायचं कुठे ते कळत नाही.

नवे ढालकिडे आणून काय करू? तुझं विष पानांवर दीड महिना तरी राहील, येतील तेही मरतील. ज्यांच्यासाठी तू पंप उचललास ते ढेकूण मात्र मजेत आहेत. त्यांची अंडी लोकरीच्या पिशवीत असतात, तिथे फवारा पोचत नाही. दहाव्या दिवशी, म्हणजे आज, नवी पिढी बाहेर पडली. कुंड्यांवर मुंग्यांची रांग लागली आहे. ढेकणांच्या अंगचा गोड चिकटा त्यांना हवा असतो, म्हणून त्या त्यांची राखण करतात. म्हणजे तिकडचे पहारेकरी शाबूत आणि माझे गेले.

आता एकच उपाय. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस काडीला गुंडाळायचा आणि एकेक बेचकं पुसायचं. आठ दिवसांनी पुन्हा, त्यानंतर आठ दिवसांनी पुन्हा. त्रेचाळीस कुंड्या आहेत. माझ्याच्याने दिवसाला दोन होतात.

तू लिहिलेलं वाचलं, आता न लिहिलेल्याकडे वळते. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत. गाळलेला मजकूर मला छापलेल्याआधी कळतो. शनिवारी रात्री जेवताना तू माझ्यासमोर बसला होतास. झाडांवर हे पांढरं काय आहे, एवढं विचारायला किती श्वास लागतो? मी तुला तिथेच धडा दिला असता, तू कंटाळला असतास आणि सगळे जिवंत राहिले असते. तू विचारलं नाहीस. फिनेलची गोष्ट रचलीस. लहानपणी खोटं बोलताना तुझे कान लाल व्हायचे. रविवारी झाले होते का, मला सांगता येणार नाही. आणि ते इकडचं काम कोणतं? तू निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.

जिन्याच्या कठड्याची चौकशी करू नकोस. मी विचारलं त्याचं उत्तर दे. राग गेला नाही, पण तो तुझ्याखेरीज कोणावर काढू?

ताई


सोमवार, २४ मार्च

ती. वन्संना,

नमस्कार. तुमचं पत्र ह्यांनी तीनदा वाचलं आणि घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं. आता चष्मा बाहेर आणि पत्र डबीत. उत्तर लिहायला चारदा बसले आणि चारदा पेन्सिलीला टोक काढून उठले. म्हणून मी लिहिते. मला लिहू नकोस म्हणून बजावलं आहे, तेव्हा हे पत्र भाजीच्या पिशवीतून टपालपेटीपर्यंत जाईल.

इकडे काही काम निघालं नव्हतं. त्या रविवारी तुमच्याकडून आले, बूट न काढता बसून राहिले. दुसऱ्या दिवशी बोलले. तुम्ही चहा ओतताना बोट कपाच्या आत धरता, चहा बोटाला लागला की थांबता, म्हणाले. ह्यांचा मळका सदरा तुम्ही धुतलेला समजून घडी करून दिलात. आणि काचघरात लिंबाची पानं कशी तुकतुकीत आहेत ते दाखवत होतात, तेव्हा ती दारातूनही पांढरी दिसत होती. ह्यांना वाटलं, तुम्हाला कीड दिसतच नाही. सांगितलं तर बाई खचेल, झाडं सोडून देईल. न सांगता साफ करून टाकू, तिला वाटेल झाडं चांगलीच आहेत. आणि आणखी दीड दिवस राहिलो असतो तर तिने तोंडावरून ओळखलं असतं, म्हणून पळालो, असं म्हणाले.

वन्सं, मी तुम्हाला शिकवावं असं काही नाही. पण तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी आहात आणि मधली मी गाठीसारखी कुचंबते आहे. चुकलं असेल तर मला बोला, ह्यांना नको. 

तुमची भावजय


शुक्रवार, २८ मार्च

चि. ढब्बूस,

आशीर्वाद. तुझ्या बायकोने मला सगळं कळवलं आहे. तिला एक शब्द बोललास तर माझ्याशी गाठ आहे. त्या घरात धीराचं माणूस एकच आहे, आणि ते भाजीची पिशवी घेऊन फिरतं.

आता माझा जबाब घे. मला दिसत नाही. सगळंच नाही असं नव्हे. बघते तिथे मध्येच एक डाग येतो, ओलं बोट फिरवलेल्या शाईसारखा. कडेचं दिसतं. तुझ्या पत्राला दोन सकाळी लागल्या, भिंग धरून. हे पत्र रेघांची पट्टी ठेवून लिहिते आहे. छापखान्यातल्या कोणाला सांगू नकोस.

ढेकूण झाडांवर चढले ते मला दिसलेच नाहीत. एकदा फरशी पायाला चिकटली, तेव्हा पानं चाचपली आणि हाताला कापूस लागला. केव्हापासून होते, माहीत नाही. घरात दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, अगं, हे पांढरं काय? तेवढंच म्हणायला माणूस लागतं.

पण ढालकिड्यांची पिल्लं मला दिसायची. थांबलेलं दिसत नाही, पण हललेलं दिसतं. सकाळी खुर्ची टाकून तिरकी मान करून बसलं की पानावर एखादा पांढरा ठिपका चालायला लागायचा. या घरात माझ्याशिवाय आपणहून हलणारं दुसरं काही नव्हतं. दिवसातलं माझं पहिलं वाक्य मी त्यांच्याशी बोलत असे. आता ते रोज दुपारपर्यंत राहून जातं. कधी शिंपीणबाई हाक मारतात, कधी नाही मारत.

लिंबाची पानं तुकतुकीत नाहीत हे मला ठाऊक होतं. मला नीट दिसतं असं तुला वाटावं म्हणून मी तसं म्हणाले. तेव्हा फिनेलच्या खोट्यात आपली बरोबरी झाली. उरलं एक. तू पाहिलंस आणि मला सांगितलं नाहीस. माझ्या डोळ्यांबद्दल या जगात ज्याला काही माहीत आहे असा एकच माणूस, आणि तो साडेनऊची बस पकडून गेला. त्यासाठी मी तुझ्यावर चिडले आहे. किड्यांचं काय, ते पुन्हा मागवता येतात.

मंगळवार, ता. ८ एप्रिल, सकाळी दहाची वेळ डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिली आहे. केव्हापासून, किती आणि काय काय चुकतं, असं ते विचारणार. चहाचा कप आणि सदरा मला कळला. त्याशिवाय दीड दिवसात तुला जे जे दिसलं ते सगळं लिही, न वगळता, न गोड करता. काळ्या शाईने, मोठ्या अक्षरांत, ओळींत अंतर सोडून.

डोळ्यांत थेंब घालणार आहेत. त्यानंतर एकटीला घरी सोडत नाहीत. त्यांचा एक कागद भरून द्यायचा आहे. नाव, वय, पत्ता मी लिहिलं. खाली 'सोबत कोण येणार' असा एक रकाना आहे. शिंपीणबाई येतो म्हणाल्या. मी त्यांना थांबायला सांगितलं आहे, कागद माझ्याजवळच ठेवला आहे.

तो कागद शनिवार, ता. ५ एप्रिल, दुपारी बाराच्या आत दवाखान्यात पोचवायचा आहे. त्याआधी तुझं उत्तर माझ्या हातात हवं. लेखी.

ताई