दाढ नव्हे, सांधा

९ फेब्रुवारी, सोमवार

परवा लिहिलं, अर्ज नाकारून विमा कंपनीनं अन्याय केला. चूक. अर्जात 'दाढदुखी' मीच लिहिलं होतं, आणि दातांचा खर्च पॉलिसीत नाहीच. आमच्या घरी कानापासून हनुवटीपर्यंत काहीही दुखलं तरी ती दाढच. चौथीपर्यंत बाबांनी घरीच शिकवलं, शब्दही घरचेच राहिले. डॉक्टर म्हणाले, "दाढा ठणठणीत आहेत. दुखतोय तो जबड्याचा सांधा."

तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. दादा म्हणतो, "घरात शांतता आलीय, राहू दे की."

१० फेब्रुवारी

दुखलं. दिवसभर.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

अर्धी रजा टाकून विमा कंपनीत गेले. काउंटरवरचे काका भले आहेत. "ताई, नवा अर्ज भरा. सांधा लिहा, सांध्याला मिळतं. डॉक्टरांचं पत्र जोडा." पत्रात 'दोन महिन्यांपासून त्रास' असं आहे. मीच तसं सांगितलं होतं.

म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेलं सांध्यातलं इंजेक्शन होणार. हसावंसं वाटलं, पण जबडा तयार नव्हता.

१३ फेब्रुवारी

आईला पत्र वाचून दाखवलं. कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "दोन महिने कसले गं? शेवटच्या परीक्षेपासून दाढ दाढ करतेयस. गरम पिशवी गालाला धरून अभ्यास करायचीस."

परीक्षा तीन वर्षांपूर्वीची. पॉलिसी त्यानंतरची, नोकरी लागल्यावर घेतलेली. मी खोटं बोलले नव्हते – ती दाढ वेगळी, हा सांधा वेगळा, असं धरून चालले होते. पण आता माहीत आहे. आता ते पत्र दिलं तर मात्र खोटं.

दादा : "कोण बघायला येतंय? नाही देणार? बस मग पातळ पीत."



१६ फेब्रुवारी, सोमवार

काकांना फोन करून खरं ते सांगितलं. ते हळूच म्हणाले, "आधीचं दुखणं म्हटलं की आत्ता नाही मिळायचं. तुम्ही मला हे सांगितलंच नाही, असं धरू का?"

नको म्हटलं.

पदरच्या पैशांनी उपचार होणार नाहीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

१८ फेब्रुवारी

पॉलिसी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. आधीपासूनचं दुखणंही पॉलिसीला दोन वर्षं पूर्ण झाल्यावर धरतात. दोन वर्षं अकरा मार्चला होतात. डॉक्टरांना विचारलं, तेवढं थांबू का? "चालेल. दुखेल मात्र."

बारा मार्च, गुरुवार. पत्रात 'तीन वर्षांपासून' असं लिहून घेऊन, काउंटर उघडताच.