बेल बंद आहे, दार ठोठावा

प्रिय धाकट्या,

फोनच करणार होते. पण फोनवर तू "हं ताई, नंतर बोलू" म्हणतोस आणि ठेवून देतोस, आणि मी इकडे मोबाइलकडे बघत बसते. म्हणून आज कागदच काढला. माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, चष्म्याचा नंबर वाढलाय. तू जेवतोस ना वेळेवर? मागच्या महिन्यात आले तेव्हा तुझा शर्ट खांद्यावर लोंबत होता, हँगरला अडकवल्यासारखा. मी तेव्हा काही बोलले नाही, म्हणजे मला दिसलं नाही असं समजू नकोस.

तू सांगितलेलं काम मी केलं, आधी तेच सांगते. भिंगरीची त्या हुशार मुलांच्या लेखनस्पर्धेसाठी निवड झाली तेव्हा मी नाचायचीच बाकी होते. आणि दुसऱ्याच दिवशी तुझा फोन. "ताई, तू विषय ठरवणाऱ्या कमिटीत आहेस. असा विषय काढ, की पोरगी घरातलं काही लिहिणार नाही." खरं तर सख्खी भाची स्पर्धेत बसणार म्हटल्यावर मी त्याच दिवशी कमिटी सोडायला हवी होती. पण तू गळ घातलीस. आठ महिन्यांत तू माझ्याकडे काही मागितलेलं नाहीस रे. मला नाही म्हणवेना.

बैठक आमच्या त्या नेहमीच्या खोलीत, जिथला पंखा फिरतो कमी आणि कण्हतो जास्त. कमिटीतले शास्त्रज्ञ म्हणाले, शंभर वर्षांनंतरचं जग. दुसरे सभासद, मासिकाचे संपादक, त्यांनी सुचवलं, 'राहून गेलेला निरोप'. मी अशी काही तुटून पडले त्यांच्यावर! म्हटलं, पोरांना रडवून त्यांना बक्षिसं द्यायची का? मग तुम्हीच सांगा, म्हणाले. मी म्हटलं, 'एक यंत्र'. अरे, सगळे हसायला लागले. "शिवणाचं की पिठाचं?" असं शास्त्रज्ञांनी विचारलं. पण मी हटले नाही. यंत्रात निरीक्षण आहे, विचार आहे, कल्पनेला वाव आहे, काय वाटेल ते ठोकून दिलं. शेवटी कंटाळून का होईना, सगळे हो म्हणाले. इतका कोरडा विषय स्पर्धेच्या जन्मात कधी दिला गेला नसेल. मला वाटलं, चला, धाकट्याचं काम झालं.

पण आमच्या मोठ्या बाईंचा एक नियम आहे. बाई म्हणजे आमच्या अध्यक्ष, आयुष्यभर शाळा चालवलेली बाई, त्यांच्यापुढे कुणाची टाप नाही. कुठलाही विषय मुलांपुढे ठेवण्याआधी कमिटीतल्या प्रत्येकानं त्यावर तिथंच बसून अर्धा तास लिहायचं आणि मोठ्यानं वाचून दाखवायचं. जे आपल्यालाच लिहवत नाही, ते पोरांना द्यायचं नाही, असं त्या म्हणतात. मी मिक्सरवर लिहायचं ठरवलं होतं. कागद घेतला, पहिलं वाक्य लिहिलं आणि दुसऱ्या वाक्याला तुझ्या दारावरची बेल आली. मग मिक्सर कुठला नि काय, हात थांबेचना.

त्या बेलचं मी तुला सांगायला हवं होतं, पण मी भिंगरीला शब्द दिला होता. आज तो मोडते आहे. तुझ्याकडे आले तेव्हा दारावर भिंगरीच्या अक्षरातला कागद होता, 'बेल बंद आहे, दार ठोठावा'. तू वायरमनच्या नावानं आगपाखड करत होतास. बिचाऱ्यानं बटण बदललं, डबी बदलली, तारा नव्यानं जोडल्या, मुलाबाळांची शपथ घेऊन सांगितलं की साहेब, मी वाजवून दाखवली होती. आणि दोन दिवसांत बेल पुन्हा मुकी. आजकाल कामं कशी करतात म्हणून तू बडबडलास आणि मीही तुझी री ओढली. मग एका दुपारी तू ऑफिसात होतास, मी जरा आडवी झाले होते, उठून बाहेर आले तर आपली पोरगी स्टुलावर चढलेली, हातात स्क्रू-ड्रायव्हर. तारा तीच काढते रे. दर वेळी तीच.

मी रागावले नाही. तिला खाली उतरवलं आणि जवळ घेतलं. मग ती बोलली. तिला सगळं माहीत आहे, धाकट्या. आईचं हृदय बंद पडलं, हॉस्पिटलात ती वारली, असं तू सांगितलंस. पण तिच्या आईनं स्वतःला संपवलं, हे तिला पहिल्याच आठवड्यात खालच्या मुलांकडून कळलं. तुला त्रास नको म्हणून तीही गप्प राहिली. पण तिचं दुखणं वेगळंच आहे. त्या दिवशी दुपारी ती शाळेतून आली, किल्ली विसरली होती. बेल वाजवली, खूप वेळ वाजवली, आत वाजताना तिला ऐकूही येत होती. आई तेव्हा फार झोपायची, म्हणून ती चिडली आणि लायब्ररीत जाऊन बसली. तिथं तिनं मजेत एक गोष्ट लिहिली. मजेत, हा तिचाच शब्द. संध्याकाळी तू येऊन कुलूप काढलंस. "आत्या, मी शेजारच्या काकांना बोलावलं असतं तर आई वाचली असती ना?" चौदा वर्षांचं पोर. आठ महिने हे एकटी उराशी धरून शाळेत जातंय, डबा खातंय, तुला चहा करून देतंय.

मी तिला लगेच सांगितलं, की नाही गं बाळा, तुम्ही दोघं सकाळी बाहेर पडलात आणि थोड्याच वेळात सगळं आटोपलं होतं, डॉक्टरांनीच सांगितलं तसं. हॉस्पिटलच्या जिन्यात भिंतीला डोकं टेकून तूच मला हे सांगितलं होतंस. दुपारी काही करण्यासारखं उरलंच नव्हतं. पोरीनं माझ्याकडे बघितलं. मोठी माणसं समजूत काढायला खोटं बोलतात, ते आता तिला पाठ झालंय. म्हणाली, "खरं असतं तर बाबांनीच सांगितलं असतं ना." आणि स्टूल उचलून जागेवर ठेवलं.

बैठकीत मी हे सगळं वाचलं. नावं नव्हती, पण आवाजानं घात केला. संपादकांनी चष्मा काढून ठेवला. बाईंनी विचारलं, मुलगी तुमची कोण? मी सांगून टाकलं, माफी मागितली आणि कमिटीतून बाहेर पडले. माझा विषय अर्थातच रद्द. आता ते कुठला निवडतील मला माहीत नाही आणि मला तो जाणूनही घ्यायचा नाही. तू पुन्हा फोन करून तिचं नाव स्पर्धेतून काढायला सांगशील, म्हणून आधीच सांगते, त्यानं काही होणार नाही. मी पिकल्या केसांची बाई, मुद्दाम शोधून काढलेल्या विषयावरसुद्धा मला दुसरं काही लिहिता आलं नाही. तिला शंभर वर्षांनंतरचं जग द्या, तिथंही तुझंच दार असेल.

स्पर्धा रविवारी आहे. त्याआधी तू तिच्याशी बोलावंस, एवढ्यासाठीच हे पत्र. तू खोटं बोललास ते मायेपोटी, हे मला कळतं, आणि कदाचित तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. पण त्या खोट्याबरोबर तिला सोडवणारं खरंही तू पुरून टाकलंस, आणि ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिला पटणार नाही. मी सांगून बघितलंय. तिला समोर बसव. आठ महिने त्या घरात कुणी घेतलं नाही ते तिच्या आईचं नाव घे. रडू आलं तर रड, तिलाही रडू दे. आणि तिला सांग, की पोरी, तू बेल वाजवत होतीस तेव्हा ती ऐकायला घरात कुणी उरलं नव्हतं. वायरमनला मात्र आता बोलवू नकोस.

तुझीच,
ताई