भावोजींचा स्क्रू आणि आईची आदोळी

पार्से, पेडणे

आदरणीय गोकुळदास भावोजींना श्रीनाथचा वाकून नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? मुरगावला बोटी दुरुस्त करणाऱ्या माणसाने कंबर जपावी, असं आई रोज म्हणते. (कंबर माझीही दुखते, पण मी पडलो मुलगा.) देवकीताई खुशाल असेलच. खरं तर फोनच करणार होतो, पण आमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवून बोलायची पद्धत आणि आई शेजारीच बसलेली असते. पुढचा मजकूर तिच्या कानावर जाता कामा नये.

गेल्या गणपतीच्या चवथीला आईच्या नारळ खोवायच्या आदोळीचं पातं डुगडुगत होतं. तुम्ही खिशातून लाल बाटली काढलीत, स्क्रूच्या आट्यांवर त्या चिकट औषधाचा एक थेंब सोडलात आणि स्क्रू आवळलात. भावोजी, माणसाने काम करावं तर असं. वर्षभर पातं तसूभर हललं नाही. आता मात्र त्याचे दाते झिजलेत, खोवताना आईची बोटं सोलवटतात, आणि चवथ तर तोंडावर आली. पेडण्याच्या बाजारातला धारवाला म्हणतो, पाट नको, नुसतं पातं सोडवून आणा. नवी आदोळी आणू म्हटलं, तर आईचा हात हिच्यावरच बसलेला.

मी स्क्रू फिरवायला बसलो. स्क्रू जागचा हलला नाही, त्याची खाच मात्र गुळगुळीत होऊ लागली. खोबरेल तेल सोडलं, ते स्क्रू सोडून सगळीकडे गेलं. मग शेजारच्या दत्तप्रसादला बोलावलं. (त्याचं स्कूटरचं गॅरेज आहे, आणि तो हे कोणाला विसरू देत नाही.) तो पाटावर ठाण मांडून बसला आणि मी दोन्ही हातांनी जोर लावला, तर पाट दत्तप्रसादसकट फिरला. स्क्रू होता तिथेच. दत्तप्रसादने तुमच्या दिशेने, म्हणजे मुरगावच्या बाजूला, हात जोडले आणि हातोडा मागितला. तेवढ्यात आई आली. "जावयान आवळलेलो स्क्रू तो, देवाक सुद्धा सुटाचो नाय," असं सांगून तिने हातोडा काढून घेतला. हे वाक्य तिने तोवर वाड्यावर घरोघर ऐकवलं होतं, त्यामुळे आता स्क्रू सुटला असता तर तिचं नाक कापलं गेलं असतं. बोटं सोलवटली तरी चालतील, पण जावयाचं काम मोडायचं नाही.

शेवटी तोड काढली ती गौरवीने. (माझी बायको म्हणून सांगत नाही, पण डिचोलीची माणसं डोक्याने चालतात.) संध्याकाळी आई देवळात भजनाला गेली, तशी गौरवीने चुलीत सळई लाल केली, तिचं टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवून धरलं, थोडं थांबली, पुन्हा तापवून पुन्हा टेकवलं. वास सुटला, धूर आला, तुमचं औषध आत मऊ पडलं. मग तिने खाचेत नीट बसणारा स्क्रूड्रायव्हर निवडून फिरवला, आणि तुमचा स्क्रू कुरकुरत सुटला. मला आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी पातं धार लावून आणून बसवलं. आई आता सरासर नारळ खोवते. धार कुठून आली, हे तिने विचारलं नाही. वय झालं, लक्षात आलं नसेल.

कळावे, लोभ आहेच.

तुमचा
श्रीनाथ

ता. क. पातं पुन्हा डुगडुगतंय. चवथीआधी या, आणि ती लाल बाटली विसरू नका. आईसमोर मात्र खिशातून काढू नका.

ता. क. २. हे पत्र गौरवीला वाचून दाखवलं, तर ती हसत सुटली. सळईची युक्ती आईचीच. तिनेच चूल पेटवून दिली, सळई काढून दिली, आणि जावयाचं काम डोळ्यांदेखत सुटायला नको म्हणून भजनाला गेली. तेव्हा कधी येता तेवढं कळवा, म्हणजे त्या वेळी आई देवळात जाईल.