चाळीसपैकी शून्य

प्रिय धाकट्या,

फोन केला असता, पण आई लगेच स्पीकर लावते आणि मागून बाबा खाकरतात. म्हणून पत्र. दार लावून वाच.

तुझी उत्तरपत्रिका मिळाली. तुझ्या परीक्षेच्या सरावासाठी आवश्यक गृहीतकांवरचे ते चाळीस प्रश्न मी स्वतः काढले होते, प्रत्येकाला पाच पर्याय. तुला शून्य मिळालं. मी तपासत असताना आई मागेच उभी होती, तरीही ती खचली नाही. म्हणाली, "समोरच्या काकूंचा मुलगा तिसऱ्या खेपेला पास झाला, आपलाही होईल." मी तिला समजावलं, की अशा बोलण्यात एक न बोललेलं वाक्य दडलेलं असतं. ते शोधायचं आणि उलटं करून बघायचं. सगळा युक्तिवाद कोसळला, तर तेच आवश्यक गृहीतक. आई म्हणाली, "सरळ आहे ते उलटं कशाला करायचं गं? म्हणूनच तुझ्याकडे कोणी चहाला येत नाही."

तू दोनदा नापास झालास, तरी बाबांनी तिसऱ्या खेपेचा फॉर्मही भरून ठेवलाय. शनिवारी शेवटची तारीख. फोटो तुला मिसरूड फुटायच्या आधीचा आहे. फक्त तुझी सही बाकी होती. ती मीच ठोकावी असं त्यांचं मत, कारण माझं अक्षर चांगलं आहे.

मी मात्र त्या शून्यावर अडले. कारखान्यात मी व्हॉल्व्ह तपासते. शंभरातले दहा गळले, तर दोष शोधते. शंभरच्या शंभर गळले, तर आधी विचारते, कोणी मुद्दाम उघडे ठेवलेत का? डोळे मिटून खुणा केल्या असत्यास, तरी आठेक उत्तरं बरोबर आली असती. एकही न येण्याची शक्यता साडेसात हजारांत एक. चाळीस वेळा बरोबर उत्तर टाळायचं, तर ते आधी ओळखता यावं लागतं. सतराव्या प्रश्नात तर तू बरोबर खूण करून मग खोडली आहेस. खोडरबर तरी नीट वापरत जा.

मग मी आपल्या घरातलं न बोललेलं वाक्य शोधलं: धाकट्याला पास व्हायचं आहे. ते उलटं करून पाहिलं. क्लास, तुझी ती भाड्याची खोली, बाबांचा फॉर्म, माझे चाळीस प्रश्न, सगळं एकदम खाली आलं.

माझं स्वतःचंही एक गृहीतक होतं. तुला काही नको असेल, तर निदान मला तरी सांगशील. दोन वर्षं मी ते तपासलं नाही. व्हॉल्व्हच्या बाबतीत एवढ्यावर माझी नोकरी गेली असती. काल मी बाबांना सांगितलं, सही मी करणार नाही. ते म्हणाले, "म्हणजे तो ढ आहे?" मी म्हटलं, "नाही, त्याला चाळीसच्या चाळीस येतात." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मग नापास कसा होतो?" ते उत्तर तुझं आहे, म्हणून मी नुसता फॉर्म उचलला. फॉर्म सोबत पाठवतेय. शुक्रवारी संध्याकाळी घरी ये, सही करून किंवा न करता. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. तू बाबांशी बोलशील तेव्हा तुझ्या शेजारच्या खुर्चीत मी असेन. मध्ये बोलणार नाही. फक्त बसेन.

तुझीच,
ताई